धामणकोंडची आतली

धामणकोंडच्या राईत एक बेहडा आहे. त्या बेहड्यापुढे उभं राहून एक प्रश्न कधीही विचारायचा नसतो. "आत कोण आहे?" एवढाच तो प्रश्न.

मला हे चार वर्षांची असताना सांगितलं गेलं. का विचारायचं नाही, असं मी विचारलं, तेव्हा तेही विचारायचं नाही असं उत्तर मिळालं.

राई गावाच्या वरच्या अंगाला आहे. शाळेमागची पाऊलवाट धरली की आधी सहाण लागते, म्हणजे शिमग्यात पालखी टेकवायचा दगडी चौथरा. तिथे चपला काढायच्या. तिथून पुढे ऊन खाली पोचत नाही. डाव्या हाताला ढोलाईचं कौलारू देऊळ, आणि देवळामागे तो बेहडा. चौघांनी हात धरले तरी बुंधा कवेत येत नाही. मान पूर्ण मागे टाकली की वर एक ढोली दिसते. माघापासून तिचं तोंड लिंपून बंद असतं. मधे फक्त एक उभी फट, दोन बोटं रुंद. खाली बुंध्यावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, सालीची मोठी गाठ आहे. तिच्यातून गंजलेल्या लोखंडाची एक कड बाहेर डोकावते. बायका तिला कुंकू लावतात. झाडापासून दहा पावलांवर मातीची एक खोली आहे. तिला खिडकी नाही. मागच्या अंगाला मोरी आणि उंच कुडाची भिंत, पुढे दाराएवढी मोकळी चौकट, आणि चौकटीला दार नाही.

सहाणेवरून समोर पाहिलं तर ओढ्यापलीकडे एक बोडका डोंगर दिसतो. त्याला मुका डोंगर म्हणतात. तिथे झाड नाही, पाणी नाही, आणि तिकडून कधी पाखराचा आवाज येत नाही.

ढोलीत बसते ती मादी. गावात त्या पक्ष्याला गरुड म्हणतात, पुस्तकात महाधनेश. ती स्वतःला आत कोंडून घेते, आपल्याच विष्ठेने आणि नराने आणलेल्या चिखलाने दार लिंपते, आणि पिल्लू उडायच्या बेताला येईपर्यंत तिथेच राहते. उडायची पिसंसुद्धा गाळून टाकते. नर जे आणील ते, फटीतून, एवढंच तिचं खाणं. हे मी प्राणिशास्त्र शिकताना वाचलं. त्याच्या कितीतरी आधी दाजीआजोबांकडून ऐकलं होतं.

दाजीआजोबा म्हणजे माझे चुलत आजोबा, ढोलाईचे गुरव. पाहुणे आले की ते त्यांना सहाणेवर बसवतात आणि ही गोष्ट सांगतात. सांगताना आवाज इतका खाली नेतात की माणसं पुढे झुकतात. मी त्यांच्यासारखीच सांगते. फक्त ते जिथे थांबतात तिथे मी थांबणार नाही.

राई तेव्हा थेट ओढ्यापर्यंत उतरलेली होती, असं सांगतात. मुक्या डोंगरावरचं गाव त्याच्याही आधी उठून गेलं होतं. ते का उठलं हे बोललं जात नसे.

आमच्या घरात त्या काळी धाकू नावाचा पुरुष होता. कुऱ्हाडीत आणि तिरकामठ्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता, म्हणे. त्याची बायको सगुणा. तिची दोन मुलं जन्मताच गेली होती आणि ती तिसऱ्यांदा पोटुशी होती. दिवस भरत आले तसा धाकू झोपेतून दचकून उठू लागला. फाल्गुनात घाटावरून एक वैदू आला. सगुणेकडे पाहून तो म्हणाला, गरुडाचं तेल काढ आणि हिच्या कमरेला चोळ, बाई सुखरूप मोकळी होईल.

धाकू राईत गेला. बेहड्याखाली फार वेळ थांबावं लागलं नाही. लोहाराचा भाता चालावा तसा पंखांचा आवाज आला आणि नर येऊन फांदीवर बसला. धाकूने एकाच तिरात त्याला खाली आणलं.

घरी आणून चिरला तेव्हा त्याच्या गळ्यातून उंबरं निघाली. पोटातून नव्हे, गळ्यातून. अख्खी, एकही न चावलेली, ओंजळभर. ती जमिनीवर गडगडत सगुणेच्या पायाशी गेली.

तिने एक उचललं आणि विचारलं, "ही कुणासाठी नेत होता?"

"पाखराला कोण असतंय गो?" धाकू हसून म्हणाला.

तेल निघालं. सगुणेची इच्छा नव्हती, पण त्याने ते चोळलं. दोन दिवसांनी तिला कळा सुरू झाल्या, ती बाळंतिणीच्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. सुईण यायला सकाळ उजाडली. तिला आत जाताच आलं नाही.

दाराच्या जागी भिंत होती.

ती भिंत आतून लिंपलेली होती, असं सांगतात. तिला मातीचा वास नव्हता. कुजक्या उंबरांचा होता. धाकूने पहार घेतली आणि घाव घातले. भिंत फुटे, आणि तिच्यामागे तशीच दुसरी, ओलसर. दुपारपर्यंत त्याचे तळवे सोलवटले, पण तो हातभरही आत गेला नाही. सांजेला ते सगळं दगडासारखं वाळलं. मधे फक्त एक उभी फट राहिली, दोन बोटं रुंद.

धाकूने फटीला डोळा लावला. पलीकडूनही एक डोळा लागला होता. सगुणेचे डोळे काळेभोर होते. या डोळ्याचं बुबुळ पांढरं होतं.

त्याने विचारलं, "आत कोण आहे?"

"मी आहे," सगुणेचा आवाज आला. "मला भूक लागली."

त्याने भाकरीचा तुकडा सरकवला. तो बाहेर फेकला गेला. भात दिला, तोही. मग कोपऱ्यात पडलेलं एक सुकं उंबर त्याने फटीत धरलं. ते घेतलं गेलं. पण ज्याने घेतलं ती बोटं नव्हती. काहीतरी टणक त्याच्या नखांना घासून गेलं.

त्याच वेळी राईतून कण्हण्याचा आवाज आला. बाईच्या कळांचा. सगळ्या वाडीने तो ऐकला, म्हणे. आवाज सगुणेचा होता, आणि सगुणा तर घरात.

धाकू धावत बेहड्यापाशी गेला. वर ढोलीची फट काळी दिसत होती. कण्हणं तिथूनच येत होतं. खाली उभं राहून त्याने दुसऱ्यांदा विचारलं, "आत कोण आहे?"

वरून उत्तर आलं, "आम्ही आहोत."

आम्ही म्हणजे कोण, किती, बाई की पाखरू, धाकूला काही कळेना. तिसऱ्यांदा विचारायला त्याने तोंड उघडलं, एवढ्यात मागून एक हात आला आणि त्याच्या तोंडावर बसला. त्याच्यामागून धावत आलेली सुईण होती ती.

"तिसऱ्यांदा इचारू नको," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा इचारल्यावर काय ऐकू येतं ते माझ्या आवशीनं ऐकलंय. पलीकडच्या डोंगरावर."

"काय ऐकलं?"

"आता कोणी नाय, एवढंच."

त्या दिवसापासून पलीकडे काही उगवलं नाही. झरे आटले, माणसं उठली. सुईणीची आई तेवढी ओढा ओलांडून इकडे आली आणि मरेपर्यंत कुणाशी बोलली नाही, असं सांगतात.

सुईणीने त्याला एवढंच सांगितलं. तिला खायला घालणारा तू मारलास. आता तू घाल.

धाकूने कमरेची कुऱ्हाड काढली आणि सगळ्या ताकदीने बुंध्यात रुतवली. पुन्हा ती हातात धरणार नाही म्हणून, आणि चढताना पहिला पाय ठेवायला म्हणूनही. तीच ती कड, जी आज गाठीतून डोकावते. झाडाने ती हळूहळू गिळली.

मग तो चढू लागला. उंबर, पायर, रानजायफळ, जे पिकलेलं मिळेल ते. ओंजळ ढोलीच्या फटीत, ओंजळ घराच्या फटीत. उजाडल्यापासून मावळेपर्यंत. बोलायचं नाही. पहिले काही दिवस ढोलीतली चोच त्याच्या हातावर वार करी. मग करेनाशी झाली. त्याच्या लक्षात आलं की इकडे खाल्लं की तिकडचं कण्हणं थांबतं. एकविसाव्या दिवशी त्याला ताप भरला आणि तो उठला नाही. दुपारी घराच्या भिंतीतून खरवडल्यासारखा आवाज येऊ लागला. कुर्र, कुर्र. सांजेकडे तो मंद झाला. मग थांबला. तो थांबला तेव्हा धाकू हातापायांवर रांगत राईत गेला.

मृग लागला त्या दिवशी सकाळी घराची भिंत आपोआप तडकली. खपल्या गळून पडल्या आणि सगुणा बाहेर आली. हाडांवर कातडं, पण जिवंत. हातात मुलगी, तीही जिवंत. त्याच घटकेला राईत मादी ढोली फोडून निघाली आणि तिच्यामागे पिल्लू.

धाकू त्या दिवशी शेवटची ओंजळ घेऊन वर चढला होता. तो खाली उतरला नाही. वरही सापडला नाही. एवढंच सांगतात की त्या सालात राईत नर नव्हता आणि पुढच्या सालात होता. त्यापुढे कुणी सांगत नाही.

दाजीआजोबा इथे थांबतात. पाहुणे नमस्कार करतात, फोटो काढतात. बेहड्यासमोर काही विचारू नका, विशेषतः बायकांनी, असं सांगून दाजीआजोबा त्यांना वाटेला लावतात. मी एकदा म्हटलं, "आजोबा, प्रश्न तर धाकूने विचारला. मग बायकांनाच का दटावता?" त्यांनी तंबाखू मळली आणि म्हणाले, "असं सांगत आलोय गो आम्ही." तेवढ्यात त्यांना पुढचे पाहुणे दिसले.

सगुणेने नंतर जे केलं ते दाजीआजोबा सांगत नाहीत. ते माझ्या आत्यांनी मला सांगितलं.

ती मुलीला घेऊन गावकीपुढे उभी राहिली. म्हणाली, दर साली ती मादी ढोलीत बसेल तेव्हा आमच्या घरातली एक बाई खाली बसेल. तिलाही लिंपून घ्या. घरातल्या एका पुरुषाने तिला फटीतून खायला घालावं, म्हणजे ते काय असतं हे कुणी विसरणार नाही. दोघी आत असेपर्यंत राईतल्या कुठल्याच झाडाला लोखंड लागणार नाही. आणि आतल्या बाईने आतून होकार दिल्याशिवाय भिंत फुटणार नाही.

त्या बाईला आतली म्हणतात. ती मातीची खोली तिची.

आधी आतली मृगापर्यंत बसायची, असं म्हणतात. मग एकवीस दिवस झाले, मग नऊ, आणि माझ्या आठवणीत एकच. चैत्रात एका सकाळी बसायचं, दुसऱ्या सकाळी बाहेर. भिंतीपुढे गावकरी जमतात, गावकीचा प्रमुख गाऱ्हाणं घालतो, लोक प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात, शेवटचं "व्हय म्हाराजा" आतली आतून म्हणते, भिंत फोडतात, नारळ फुटतो. मादी वर अजून आत असते. तिच्याकडे कुणी पाहत नाही.

यंदा फाल्गुनात गावकीची बैठक झाली. मुंबईच्या मंडळाने देवळाला स्लॅबचा सभामंडप द्यायचं ठरवलं होतं, आणि गाडी थेट मंडपाशी जायला रस्ता. रस्त्याच्या आखणीत अकरा झाडं येत होती. बारावा बेहडा.

मी उभी राहिले. बायका बसतात त्या ओटीवरून. "नाना, मादी आत आहे."

नाना गावकर गावकीचे प्रमुख. माझ्या जन्माआधीपासून. ते हसले. "पाखरू गो ते. दुसरं झाड बघील."

"आत कोंडलेली कशी बघील?"

"मग नर बघील की!" कुणीतरी म्हणालं आणि सगळी बैठक हसली.

"पिल्लू बाहेर पडेपर्यंत तरी थांबा. दोन-अडीच महिने."

"मंडप पावसाच्या आधी झाला पायजे," नाना म्हणाले. मग बाबांकडे वळले. "काय रे, कॉलेजात घातलीस ती ही अशी तोंड वर करून बोलायला काय?"

बाबांनी खाली पाहिलं. मला त्यांचा राग आला. दाजीआजोबांचा त्याहून जास्त, कारण ते सगळं जाणून गप्प होते.

"रीत मोडत नाय आम्ही," नाना म्हणाले. "आतली बसंल, गाऱ्हाणं होईल, भिंत फुटंल, मगच झाडाला कटर लावू. आता तुमची बेबी बसायची दर साली, तिचे गुडघे गेलेत म्हणतात. यंदा कोण बसतंय?"

"ही बसेल की!" मागून टोमणा आला. "पाखराचा एवढा पुळका हाय तर."

"बसते," मी म्हणाले.

नाना खूश झाले. शिकलेली पोर रीत पाळते म्हणून मला आशीर्वादही दिला.

चैत्र वद्य पंचमीला मला लिंपलं. बाबांनीच चिखल थापला, कारण खाऊ घालणाराच लिंपतो. शेवटचा गोळा बसला तेव्हा आतला उजेड एका उभ्या रेघेएवढा उरला. मी एकवीस वर्षांची आहे, मी या सगळ्यावर वर्गात निबंध वाचलाय, आणि तरी त्या क्षणी मला ओरडून बाहेर काढा म्हणावंसं वाटलं.

ओल्या मातीच्या वासाने श्वास जड झाला होता. मी फटीशी बसून नराच्या फेऱ्या ऐकू लागले. भात्याचा आवाज जवळ यायचा, वर थांबायचा, मग दूर जायचा. सकाळी तीन फेऱ्या झाल्या. मग माणसं आली. टेप घेऊन, मोठ्याने बोलत. कुणीतरी झाडाला चुन्याची खूण केली. कटर सुरू होतो का ते पाहायला कुणीतरी तो चालू केला, आणि तो आवाज माझ्या दातांत शिरला. हसून बंद केला.

त्यानंतर नर आला नाही.

एक तास. दोन. उन्हं कलली तरी नाही. वरून, फार हलका, चोच आपटल्याचा आवाज आला. टक. टक. ती फटीशी आली असणार. तिला माणसं दिसत नाहीत, चुन्याची खूण दिसत नाही. तिला एवढंच कळतं की तो येत नाही. तिच्या पंखांना पिसं नाहीत. भिंत तिने स्वतःच लिंपली आहे. मी प्राणिशास्त्राचं सगळं आठवून पाहिलं, आणि त्यातलं काहीही त्या अंधारात माझ्या उपयोगाचं नव्हतं.

मग खरवडण्याचा आवाज येऊ लागला. कुर्र, कुर्र. अगदी जवळून. मी श्वास रोखला तरी तो थांबेना. कितीतरी वेळाने मला कळलं की माझंच नख भिंतीवर चाललं होतं.

सांजेला बाबांनी फटीतून उंबरं सरकवली.

"भाकरी पण हाय गो," ते पुटपुटले. "आधी उंबरं घे. रीत हाय."

"बाबा, नर दुपारपासून आला नाही."

त्यांनी भाकरी आत सरकवली. मग म्हणाले, "माणसं घरी गेली. मी हितं बसतो, तोंड मिटून. येतो काय बघू."

अंधार पडायच्या आत एकदा भात्याचा आवाज आला. एकदाच. बाबांनी बाहेरून भिंतीवर हळूच थाप मारली. मी पण मारली.

सकाळी दहाला सगळे जमले. फटीतून मला जगाची एक पट्टी दिसत होती. नानांचं धोतर, दाजीआजोबांच्या हातातलं नारळाचं ताट, मागे केशरी रंगाचा कटर खांद्यावर घेतलेला एक अनोळखी माणूस. बाजूला बाबा पहार घेऊन उभे. भिंत फोडायचं कामही खाऊ घालणाऱ्याचंच.

नानांनी हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. त्यांचा आवाज या कामाला चांगला आहे.

"बा ढोलाई, म्हाराजा, आज तुझी सगळी लेकरं तुझ्या पायाशी जमली हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"सालाबादप्रमाणं तुझी आतली बसली, तिचं बसणं गोड मानून घे..."

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या मंडपाला हात घालतोय, कुणाच्या अंगाला खरचटू देऊ नको, वाटेतलं जे काय असंल ते दूर कर..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि आता तुझी आतली बाहेर यायला राजी हाय, राई मोकळी हाय..."

सगळे थांबले. हे माझं होतं. बाबांनी पहार उचलली.

सगुणेपासून आजवर किती बायका इथे बसल्या असतील, कुणी शंभर सांगतात, कुणी दोनशे. सगळ्यांनी होकार दिला होता. म्हणूनच तो मागायचा असतो हे सगळे विसरून गेले होते.

"नाय म्हाराजा," मी म्हणाले.

पहार खाली आली. भिंतीवर नव्हे, जमिनीवर.

"काय?" नाना म्हणाले. "काय बोलली ती?"

त्यांनी फटीकडे पाहिलं.

"केतकी, चेष्टा नको. मुहूर्त जातोय."

"मी राजी नाही. राई मोकळी नाही. ती बाहेर येईपर्यंत मी येणार नाही."

"गुरवा, फोड रे ती भिंत!" नाना बाबांवर खेकसले.

"होकार नाय आला, नाना," बाबा म्हणाले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नानांशी बोलताना मान वर केलेली मी पाहिली.

नाना फटीसमोर आले. त्यांच्या अंगाने सगळा उजेड अडवला. रागाने त्यांना श्वास लागला होता, आणि रागातच त्यांच्या तोंडून ते गेलं.

"हे कोण बोलतंय? आत कोण हाय?"

मागे एक बाई "अगो आई" म्हणाली. कुणाच्या तरी हातातून ताट पडलं आणि नारळ गडगडत गेला. मीही घाबरले. मला वाटलं होतं की या गोष्टीतलं मला काही बाधत नाही.

"मी आहे," मी म्हणाले.

"मी म्हंजे कोण?" ते आता ओरडत होते, थांबणं त्यांच्याच हातात उरलं नव्हतं. "विचारतोय मी, आत कोण हाय?"

वर ढोलीत चोच आपटली. टक. सगळ्यांनी ऐकली.

"आम्ही आहोत," मी म्हणाले.

फटीतून मला नानांचं तोंड उघडताना दिसलं. मग एक सुरकुतलेला हात बाजूने आला, तंबाखूने पिवळ्या पडलेल्या बोटांचा, आणि त्या तोंडावर बसला. दाजीआजोबांचा हात होता तो. नानांनी तो झटकला नाही, ते मागे सरकले.

ज्यांनी आयुष्यभर मला गप्प बस म्हणून सांगितलं ते सगळे त्या पट्टीत गप्प उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मुका डोंगर होता. फार वेळाने कटरवाला माणूस वाटेने खाली उतरत गेला. मग वरून भात्यासारखा आवाज आला.

हे मी आतूनच लिहिते आहे, फटीच्या उजेडात, म्हणून अक्षर वाकडं आहे. मृगाला अजून दिवस आहेत. आजही बेहड्याच्या बुंध्यावर चुन्याची खूण आहे. आजही नर येतो आणि बाबा येतात, दोघांच्याही फेऱ्या मी ऐकते. आणि आजही तिसऱ्यांदा कुणी विचारलेलं नाही.